डोंगरांतील छावणी आणि जलरंग

गेल्या नाताळच्या सुट्टींत आम्ही कांहीं जण भंडारदऱ्यास, १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या धरणाच्या तलावाकांठीं, तंबू ठोकून राहिलों होतों. एका विद्यार्थ्यानें सायंकाळीं रतनगडाचें सुरेख चित्र काढलें व वाळावें म्हणून तंबूबाहेर दगडावर ठेवलें. पहाटे पाहतों तों आकाश ओघळून डोंगरांत उतरलेलें! रात्रीं पावसाचा थेंबही नव्हता. पडलें होतें तें केवळ दंव.

असें कां व्हावें? जलरंग म्हणजे बारीक वाटलेला रंग आणि डिंक यांचें मिश्रण होय. पाणी उडून गेल्यावर डिंक रंगास कागदाशीं धरून ठेवतो. परंतु तोच डिंक पाणी मिळतांच पुनः सैल होतो. तैलरंगांतील तेल एकदां घट्ट झालें कीं पुनः पातळ होत नाहीं, म्हणून त्यास दंवाचें भय नाहीं. आपलीं चित्रें मात्र रात्रीं दोन पुठ्ठ्यांमध्यें घालून तंबूंतच ठेवावीं.

डोंगरांत चित्र काढणाराची खरी अडचण याहून सूक्ष्म आहे. उजेड सर्वांत सुंदर असतो तो सकाळीं व सायंकाळीं, कारण तिरप्या उन्हांत प्रत्येक घळ सावलीनें उठून दिसते. पण नेमक्या त्याच वेळीं हवा थंड व दमट असते आणि कागद वाळतां वाळत नाहीं. दुपारीं रंगाचा हात पाहतां पाहतां सुकतो, तर तेव्हां सूर्य डोक्यावर येऊन डोंगर सपाट दिसूं लागतात. शिवाय सूर्य ताशीं १५ अंश सरकतो. आकाश वाळण्याची वाट पाहत बसावें तों कड्याची सावली भलतीकडे गेलेली!

यावर माझा उपाय असा. कागद पोस्टकार्डाच्या दुपटीएवढाच घ्यावा. बसल्याबरोबर पेन्सिलीनें सावल्यांच्या कडा आंखाव्या. मग सावली कोठेंही जावो, त्या रेषा बदलूं नयेत. नंतर आकाश व दूरच्या रांगा ओल्यांतच एकमेकांत मिसळूं द्याव्या. तेथें ओलावा आपला मित्रच आहे. दूरचे डोंगर पातळ, निळसर काढावे, कारण मधल्या हवेंत विखुरलेला निळा प्रकाश त्यांवर पडद्यासारखा येतो. म्हणूनच १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाई, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, आमच्या चित्रांत सर्वांत फिकें निघालें. जवळचा कातळ मागाहून, ऊन चढल्यावर, कोरड्या कागदावर काढावा. त्यास काळा रंग नको. अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना मिसळल्यास त्या दगडाची करडी छटा बरोबर मिळते. पाण्यावरील चमकेसाठीं कागद कोराच सोडावा.

पालकांनीं खर्चास भिऊं नये. पांचसहा रंग व एक बरा कुंचला एवढ्यावर भागतें. कागद मात्र जाड असावा, नाहींतर तो फुगतो व रंग खळग्यांत साचतो.

त्या विद्यार्थ्यानें दुसरे दिवशीं तेंच चित्र पुनः काढलें. दंवानें बिघडलेलें चित्र मीं मागून घेतलें आहे. त्याच्या एका कोपऱ्यांत जें धुकें उतरलें आहे, तसें मला अद्याप मुद्दाम काढतां आलेलें नाहीं.