नायकाची किंमत कोण मोजतो?

गगनबावडा - कोल्हापूरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सह्याद्रीच्या कड्यावरील गगनबावड्याला पोहोचतो आणि तेथून करूळ व भुईबावडा या दोन घाटांनी कोकणात उतरतो. पावसासाठी आणि गगनगडासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव एकेकाळी पंत अमात्य बावडेकर घराण्याच्या जहागिरीचे होते. याच घराण्यातील हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाशी 'आज्ञापत्र' हा मराठीतील राजनीतीवरील विख्यात ग्रंथ जोडला जातो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत तो सिद्ध झाला. दुर्ग, आरमार, सावकार, वतने अशा अनेक विषयांचा विचार त्यात आहे.

त्यातील आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी एक आज्ञा आहे. गलबतांसाठी लाकूड हवेच. परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड घ्यायचे झाल्यास धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. एकाला दुःख देऊन साधलेले कार्य ते करणाऱ्यासह अल्पकाळात लयाला जाते, असा या आज्ञेचा इत्यर्थ.

राज्यकारभारासाठी सांगितलेली ही कसोटी कथा-कादंबऱ्यांतील नायकांना लावून पाहिली तर काय दिसते? नायकाने मिळवलेल्या यशाचे मोल कोणी दिले, त्याला राजी केले होते काय आणि कथेत त्याला बोलू दिले काय, असे प्रश्न विचारले की अनेक नायकांचे चेहरे पालटू लागतात. विशेष म्हणजे हे प्रश्न मराठीत फार पूर्वीच विचारले गेले आहेत आणि त्यातील काही महत्त्वाचे लेखन कोल्हापूरच्या परिसरातच झाले आहे.

नायक म्हणजे फळाचा धनी

'नायक' या शब्दाचा अर्थ आपण सहसा 'सज्जन' असा करतो. संस्कृत नाट्यशास्त्राची व्याख्या मात्र वेगळी आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'नुसार कथेच्या फळावर ज्याचे स्वामित्व, तो त्या कथेचा अधिकारी, म्हणजेच नायक. नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकारही शास्त्राने सांगितले. त्यातील धीरोद्धत हा गर्विष्ठ, मत्सरी आणि कपटीही असू शकतो. म्हणजेच नायकपण हे कथेतील स्थान आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे.

वाचकाचा गोंधळ होतो तो येथेच. कथा ज्याच्या मागून चालते त्याच्या बाजूने आपण नकळत उभे राहतो. त्याची भूक आपल्याला कळते, त्याचा अपमान आपल्याला झोंबतो. त्याच्या वाटेत आलेला माणूस आपोआप अडथळा ठरतो. त्या माणसाचीही एक कथा असेल, हे लेखकाने सांगितल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही.

खांडववनातून सुटलेले सहा जीव

याचे ठळक उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे. अग्नीची भूक भागवण्यासाठी कृष्ण आणि अर्जुन खांडववन पेटवून देतात. वनातून बाहेर पडू पाहणाऱ्या प्राण्यांना बाणांनी आणि चक्राने पुन्हा आगीत लोटले जाते. या पराक्रमाच्या निमित्ताने अर्जुनाला गांडीव धनुष्य मिळते. तक्षक नाग त्या वेळी तेथे नसतो, पण मुलाला वाचवताना त्याची पत्नी मारली जाते. त्या वणव्यातून अवघे सहा जीव सुटतात : तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले.

पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग अर्जुनाच्या शौर्याची कथा म्हणून सांगितला गेला. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधील 'मयसभा' या लेखात त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. एवढा संहार कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. शेतीसाठी आणि वस्तीसाठी जमीन हवी असलेल्या समाजाने वनातील रहिवाशांना हुसकावल्याची, मारल्याची आठवण त्यांना या कथेत दिसली. 'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अमात्यांची कसोटी येथे तंतोतंत लागू पडते. वाचलेला मयासुर कृतज्ञतेपोटी पांडवांना सभा बांधून देतो. त्याच सभेत दुर्योधनाची फजिती होते आणि तेथून द्यूताची वाट सुरू होते. अश्वसेन सूड घेण्यासाठी कर्णाच्या बाणात शिरतो. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशाने मरतो. निमित्त ऋषिकुमाराच्या शापाचे असले, तरी दंश करणारा तक्षकच आहे. परीक्षिताचा पुत्र जनमेजय मग सर्पसत्र मांडतो आणि त्याच सत्रात महाभारत सांगितले जाते. व्यासांनी हा हिशेब लपवलेला नाही. तो न वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे.

ययाती : भोगणारा आणि देणारा

वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेतील प्रदीर्घ नोकरीनंतर १९३८ पासून कोल्हापुरात राहिले. त्यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर खांडेकर १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ.

मूळ कथा परिचित आहे. देवयानीशी प्रतारणा करून शर्मिष्ठेशी संबंध ठेवल्याबद्दल ययातीला शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वार्धक्य येते. ते दुसऱ्याला देण्याची मुभा असल्याने तो मुलांकडे तारुण्य मागतो. नकार देणाऱ्या मुलांना तो शाप देतो. होकार देणाऱ्या धाकट्या पूरूला पुढे राज्य मिळते. परंपरेने ही पितृभक्तीची कथा मानली. बापाने मुलाकडे काय मागितले, यापेक्षा मुलाने ते किती आनंदाने दिले, यावर भर राहिला.

खांडेकरांनी हा भर हलवला. कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. नायकाचे समर्थन ऐकून होते न होते तोच दोन स्त्रियांची साक्ष समोर येते. त्यामुळे शीर्षकातील नायक हाच या कथेतील आरोपीही होतो. सुखामागे ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्या आधुनिक माणसाचे ते चित्र असल्याचे वाचकांनी ओळखले. मात्र ज्याचे तारुण्य गेले, त्या पूरूला या तिघांत स्थान नाही.

कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक 'ययाति' प्रसिद्ध झाले. त्यात कार्नाडांनी पूरूची पत्नी चित्रलेखा रंगमंचावर आणली. सासऱ्याने तारुण्य मागितले, नवऱ्याने दिले. परंतु एका रात्रीत वृद्धाची पत्नी झालेल्या त्या नववधूला कोणी विचारले होते? चित्रलेखा ययातीला जाब विचारते आणि अखेर स्वतःचा जीव देते. तिच्या प्रवेशानंतर या कथेला पितृभक्तीची कथा म्हणणे अवघड जाते. ययाती तोच आहे. मोल देणारी व्यक्ती फक्त बोलू लागली आहे.

कर्णाचा कैवार

'युगान्त' ज्या वर्षी आले, त्याच १९६७ मध्ये 'मृत्युंजय'ही आले. कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याचे शिवाजी सावंत यांनी कर्णाला केंद्रस्थानी ठेवून लिहिलेली ही कादंबरी मराठीतील सर्वाधिक लोकप्रिय कादंबऱ्यांपैकी एक ठरली. १९७३ मध्ये याच जिल्ह्यातील कोवाडचे रणजित देसाई यांची 'राधेय' आली. कर्णाच्या मराठी कैवाराची दोन मोठी पुस्तके अशा रीतीने एकाच जिल्ह्यातील लेखकांनी दिली. जन्मावरून झालेल्या अवहेलनेची ही कथा असंख्य वाचकांना आपली वाटली आणि त्या आपलेपणाचे मूल्य कमी लेखता येणार नाही.

तथापि महाभारतातील कर्ण एवढाच नाही. द्यूतसभेत द्रौपदीला पाच पती असल्यावरून कुलटा ठरवणारा आणि तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. घोषयात्रेत गंधर्वांशी लढताना तो दुर्योधनाला मागे सोडून निघून जातो. एकट्या अभिमन्यूला निःशस्त्र करण्यात त्याचाही हात आहे. दुसरीकडे, स्वयंवरात सूतपुत्राला वरणार नाही असे म्हणून द्रौपदीने कर्णाचा केलेला अपमान, ज्यावर त्याच्याविषयीची बरीच सहानुभूती उभी आहे, तो पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. काही हस्तलिखितांतील तो भाग नंतरची भर ठरला.

'मृत्युंजय'ची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या नऊ भागांत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण कथा सांगतात. या सहांमध्ये द्रौपदी नाही. सभेत घडलेल्या गोष्टीचे मोल जिने दिले, तिचे निवेदन वगळून कर्णाची थोरवी सिद्ध होते. ज्याच्या तोंडून आपण कथा ऐकतो, त्याला झालेला अपमान आधी कळतो. त्याने केलेला अपमान उशिरा कळतो.

लखोबाला कोणी नायक का मानत नाही?

रंगभूमीवरील दोन उदाहरणांनी हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये रंगमंचावर आले. मद्यपी सुधाकराच्या हातून घराचा, मुलाचा आणि पत्नी सिंधूचा नाश होतो. तरीही प्रेक्षकांनी हळहळत पाहिली ती एका बुद्धिमान माणसाची शोकांतिका. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडवले हे खरे. परंतु सिंधू अखेरपर्यंत नवऱ्याची बाजू सोडत नाही. मोल देणारी व्यक्तीच तक्रार करीत नसेल, तर नायकावर आरोप ठेवणार कोण?

याच्या नेमके उलट आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये घडते. १९६२ मध्ये आलेल्या या नाटकाचा केंद्रबिंदू निपाणीचा तंबाखू व्यापारी लखोबा लोखंडे आहे. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका वर्षानुवर्षे गाजवली. लखोबा वाक्चतुर आहे, धीट आहे, प्रेक्षकांना हसवतो. नायकाला लागणारे सारे त्याच्यापाशी असूनही कोणताही प्रेक्षक त्याला नायक समजून घरी जात नाही. कारण नाटक न्यायालयात घडते आणि त्याने फसवलेली माणसे एकामागून एक साक्षीला उभी राहतात. लखोबा आणि सुधाकर यांच्याविषयीच्या आपल्या भावनांतील अंतर बरेचसे या साक्षींमुळे पडते.

हा प्रश्न केवळ मराठीपुरता नाही. शार्लट ब्राँटे यांच्या १८४७ मधील 'जेन आयर' या कादंबरीत नायक रॉचेस्टर आपल्या पहिल्या पत्नीला वेडी म्हणून माळ्यावर कोंडून ठेवतो. ती बोलत नाही, म्हणून जवळजवळ सव्वाशे वर्षे तो प्रेमकथेचा नायक राहिला. १९६६ मध्ये जीन ऱ्हीस यांनी 'वाइड सारगासो सी' लिहून त्या कोंडलेल्या स्त्रीला तिची कहाणी दिली.

उलटापालट पुरेशी नाही

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. जुन्या कथांना आजचे निकष लावणे योग्य आहे काय? प्रत्येक नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर साहित्याचा आस्वाद उरेल काय? आक्षेपात तथ्य आहे. शिवाय नायकाला खलनायक आणि खलनायकाला नायक केल्याने प्रश्न सुटत नाही. कर्णाच्या उदाहरणात दिसते त्याप्रमाणे नव्या नायकाच्या पायाखालीही कोणीतरी असतेच. म्हणून शिक्के बदलण्यापेक्षा हिशेब पाहणे अधिक उपयोगी. शिवाय हे निकष केवळ आजचेच आहेत, असेही नव्हे. झाडाच्या धन्याला राजी करा, त्याला मोल द्या, ही आज्ञा तीनशे वर्षांपूर्वीची आहे.

हा हिशेब पाहण्याची सवय पुस्तकांपुरती राहत नाही. २०१९ मध्ये 'कबीर सिंग' या हिंदी चित्रपटाचा नायक प्रेयसीला थप्पड मारतो, तेव्हा ते उत्कट प्रेम की दांडगाई, यावर देशभर वाद झाला. चित्रपटाला गर्दी झाली. त्या गर्दीत प्रेमाची पहिली कल्पना चित्रपटांतूनच घेणारी मुले-मुलीही होती. घरातील कर्त्या पुरुषाच्या महत्त्वाकांक्षेसाठी ज्यांचे शिक्षण थांबते, गावाच्या विकासासाठी ज्यांची जमीन जाते, त्यांची बाजू ऐकण्याचा सराव कथा वाचतानाच होत असतो. तेथे ती ऐकायची नाही असे शिकलेला वाचक बाहेरही ती ऐकण्याची शक्यता कमी.

ययातीला दोष द्यावा की क्षमा करावी, हे ज्याने त्याने ठरवावे. निकाल देण्यापूर्वी पूरूला आणि चित्रलेखेला साक्षीला बोलवावे, एवढेच.