शेतातली हवा वेगळी, रस्त्यावरची वेगळी
ट्रॅक्टरचे टायर, त्यांतील हवेचा दाब आणि जमिनीचे आरोग्य

ट्रॅक्टर खरेदी करताना इंजिनाची अश्वशक्ती, डिझेलचा खर्च आणि दुरुस्तीची सोय यांची चौकशी शेतकरी बारकाईने करतो. चाकांची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक इंजिनाची ओढण्याची सारी शक्ती जमिनीवर उतरते ती मागच्या दोन टायरांच्या तळातून. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा हा भाग धान्य पाखडण्याच्या सुपापेक्षाही लहान असतो. तो किती पसरावा, हे टायरमधील हवा ठरविते. ती चुकली म्हणजे डिझेल, टायर आणि जमीन या तिन्हींचे नुकसान होते.

धावेपासून टायरपर्यंत

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची पद्धत फार जुनी आहे. धाव टिकाऊ खरी, परंतु अरुंद व कठीण. भिजलेल्या काळ्या जमिनीत ती सुरीसारखी रुतते आणि खोल चाकोरी पाडते. आरंभीच्या ट्रॅक्टरांची चाकेही लोखंडीच असत. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने हवेच्या टायरांवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला. तेव्हापासून शेतात आणि रस्त्यावर एकाच चाकांनी काम करणे शक्य झाले. मात्र चाके एक असली तरी दोन्ही ठिकाणची गरज एक नाही.

हवा भार कसा पेलते

टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १ किलो, म्हणजे दर चौरस इंचास सुमारे १४ पौंड, दाब आहे आणि त्या चाकावर ७०० किलो भार आहे असे समजू. तो भार पेलण्यासाठी टायर जमिनीवर सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर पसरेल. हवा दुप्पट केली तर तळ जवळजवळ निम्मा होईल आणि मातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येईल. टायरच्या भिंतींच्या ताठपणामुळे या हिशेबात थोडाफार फरक पडतो. परंतु नियम हाच.

मऊ भूमीवर वाहन चालविणाऱ्या सर्वांनाच हा नियम लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून तयार झालेल्या ‘डक’ या पाण्यात व जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी वाहनात चालकाला बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमी-अधिक करता येत असे. वाळूच्या किनाऱ्यावर ती कमी करीत, पक्क्या रस्त्यावर वाढवीत. ज्या ट्रॅक्टरवर अशी सोय नाही, तेथे हेच काम मापक आणि पंप घेऊन करावयाचे असते.

किती हवा भरावी

मागच्या १३.६-२८ आकाराच्या टायरांत नांगरणी, कुळवणी यांसारख्या कामांसाठी सामान्यतः १२ ते १४ पौंड हवा पुरते. भरलेली ट्रॉली रस्त्यावरून ओढताना ती १८ पौंडांच्या आसपास न्यावी लागते. पुढच्या लहान टायरांत सामान्यतः २४ ते ३० पौंड हवा असते. तथापि टायरचा प्रकार आणि चाकावरील भार यांप्रमाणे हे आकडे बदलतात. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतील कोष्टक अंतिम मानावे.

शेतात हवा जादा असल्यास टायर मधोमध झिजतो, पकड घटते आणि माती दडपली जाते. उलट, कमी हवेवर जड ट्रॉली रस्त्याने ओढल्यास टायरच्या भिंती सतत वाकतात, तापतात आणि आतील धागे तुटू लागतात. हवा फारच कमी झाली तर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. हवा मोजावयाची ती सकाळी, टायर थंड असताना, आणि मापकाने. लाथ मारून किंवा नजरेने हवेचा अंदाज येत नाही.

टायरची निवड

१३.६-२८ यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत दाखवितो. दोहोंमध्ये आडवी रेघ असल्यास टायर साध्या बांधणीचा. ‘आर’ हे अक्षर असल्यास रेडियल. रेडियल टायरच्या भिंती लवचीक असल्याने तो तेवढ्याच हवेत अधिक पसरतो. किंमत मात्र जास्त पडते. मागचे दोन्ही टायर एकाच आकाराचे व सारख्या झिजेचे असावेत. टायरवरील तिरप्या उंच पट्ट्यांचे टोक आधी जमिनीला टेकले पाहिजे. म्हणजे मागून पाहता बाणाचे टोक वर दिसावे. टायर उलटा बसविला तर पट्ट्यांमधील चिखल बाहेर फेकला जात नाही. कोकणातील भातखाचरांत चिखलणीसाठी लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडतात. ती डांबरी रस्त्यावर नेऊ नयेत.

घसरण मोजण्याची सोपी रीत

मागच्या टायरवर खडूची खूण करावी. अवजार उचलून ट्रॅक्टर शेतातच चालवावा आणि चाकाच्या १० फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा तसेच मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरल्यास घसरण १५ टक्के झाली. ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजावी. याहून अधिक असल्यास डिझेल व टायर वाया जातात. फारच कमी असल्यास ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादले आहे असे समजावे.

घसरण कमी करण्यासाठी चाकांना बिडाची वजने लावतात किंवा टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरतात. जड काम संपताच हे वजन काढणे इष्ट. कारण वरच्या थरावरील दाब हवा कमी करून घटविता येतो, परंतु खोलवर जाणारा दाब मुख्यतः आसावरील एकूण भारावर अवलंबून असतो. तो खाली कठीण थर तयार करतो. मग पाणी मुरत नाही, तुरी-कपाशीची मुळे अडतात आणि थर फोडण्यास वेगळा खर्च येतो.

म्हणून कोणत्याही टायरपेक्षा वाफसा महत्त्वाचा. माती मुठीत दाबून तिचा चिकट गोळा होत असेल तर ट्रॅक्टर बांधावरच थांबवावा. उसाची ट्रॉली ओल्या शेतात सर्वत्र फिरविण्याऐवजी ठरावीक वाटेनेच न्यावी; एक पट्टी दबेल, पण बाकीचे शेत वाचेल.

ट्रॅक्टर रुतल्यास

चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका बांधून तो पुढे काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. चाके अडकून राहिली की इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलले जाते आणि एक-दोन सेकंदांत तो चालकावर उलटतो. आधी अवजार सोडावे, चाकांमागील माती उकरावी आणि हळूहळू मागे घ्यावे. न जमल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी. त्याचप्रमाणे, टायर रिमवर बसविताना तो बसत नाही म्हणून हवा वाढवीत जाऊ नये. हवा भरणाऱ्याने टायरसमोर न राहता बाजूला उभे राहावे.

हवा मोजण्याच्या मापकाची किंमत ट्रॅक्टरच्या मानाने नगण्य आहे. ते पान्यांच्या पेटीत ठेवावे आणि शेतातून रस्त्यावर व रस्त्यावरून शेतात जाताना वापरावे. टायर झिजला तर नवा मिळतो. दडपलेली जमीन पुन्हा भुसभुशीत होण्यास कित्येक हंगाम जावे लागतात.