विनय कोणी कोणाकडे मागावा?

ख्रिस्ती धर्मविचारात श्रद्धा आणि विनय यांचे नाते सरळ नाही; कारण सत्य ख्रिस्तात प्रकट झाले असे जो मानतो, त्याला ते सत्य इतर मतांइतकेच एक मत आहे असे म्हणता येत नाही, आणि तरीही आपल्याला ते पूर्णपणे उमगले असा दावा त्याने करू नये, अशी त्याच धर्माची शिकवण आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती मंडळींनी हा पेच जसा अनुभवला, तसा जन्माने ख्रिस्ती असलेल्यांच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) हे काशीतील चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करणारा ग्रंथ त्यांनी आधी संस्कृतात लिहिला, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे षड्दर्शनांवर, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा प्रमुख संप्रदायांवर, कठोर टीका केली. एवढा कडवा वादपटू आयुष्यभर स्वतःच्या मनातील शंकांशी झगडत राहिला, आणि त्यांच्या खंडनाच्या जोरापेक्षा हे झगडणेच अधिक विश्वसनीय वाटते.

गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर (१८५८–१९२२) पडला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढील दोन-तीन वर्षांत तेथील मठवासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या विषयावरील मराठी माणसाच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा दस्तऐवज होय. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे मिळून एकच देव असल्याचे मत, पटत नव्हता; तो न मानणाऱ्याचा नाश ठरलेला, असे सांगणारा अथनेशियसचा मतांगीकार त्यांना म्हणवत नव्हता. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असेही त्या विचारीत. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. जेराल्डीनबाईंना या साऱ्यात अहंकार दिसला. मात्र रमाबाईंचे म्हणणे असे होते, की पुरोहितांचे एक जोखड नुकतेच उतरवल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, आणि न समजलेली गोष्ट समजली असे म्हणणार नाही. वाचणाऱ्याला येथे थांबावे लागते. विनयाचा उपदेश करणाऱ्या संस्थेला आपल्या आकलनाविषयी तिळमात्र शंका नव्हती, आणि जिला उद्धट ठरवले गेले ती स्त्री मात्र आपले अज्ञान उघड कबूल करीत होती. स्वतःकडून अपेक्षिलेला विनय हा सद्गुण खरा, पण दुसऱ्याकडून वसूल केलेला विनय म्हणजे बहुतेक वेळा आज्ञापालनच असते.

पुढे अधिकार रमाबाईंच्याच हाती आला, तेव्हा तोच प्रश्न त्यांच्यासमोर उलटा उभा राहिला. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि नंतर पुण्यास हलवलेले विधवांसाठीचे शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन दिले गेले होते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, ‘केसरी’ वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाहेर पडले. आपण कोणावर सक्ती केली नाही, केवळ प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही, हे रमाबाईंचे उत्तर प्रामाणिक होते; तथापि अन्न, वस्त्र आणि आसरा जिच्या हातून मिळतो तिचे उघडे दार आश्रिताला निव्वळ दार वाटत नाही, एवढे टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) ही कसोटी घरातच द्यावी लागली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांची ख्रिस्तनिष्ठा कधी पातळ झाली नाही. तरी तुकोबांच्या अभंगवाणीचे ऋण ते मोकळेपणाने मानीत, आणि १९१७ मध्ये मिशनच्या पगाराचा आधार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा जो ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. या माणसाच्या धर्मनिष्ठेची सर्वांत विश्वासार्ह साक्ष लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मिळते, आणि तेथे ती त्यांच्या तापटपणासकट, विक्षिप्तपणासकट नोंदलेली आहे.