दहा सूचक

विधानसभेला उभं राहायला काय लागतं, असं रोहण्यात कुणालाही विचारा. पैसा आणि पक्षाचं तिकीट, हे उत्तर ठरलेलं. अर्ज भरायला बसलं की भलतंच अडतं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार.

2024 च्या ऑक्टोबरात गावातल्या एका अपक्षाचे कागद लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पुलगाव आणि आर्वीच्या मधलं आमचं रोहणा 44-आर्वी मतदारसंघात येतं. अधिसूचना 22 ऑक्टोबरला निघाली, अर्जाची मुदत 29 ला दुपारी तीनपर्यंत, म्हणजे ऐन धनत्रयोदशीला. सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये, बाजारात त्याहून कमी, आणि कापसाची वेचणी लागलेली. मजूरही वावरात, मालकही वावरात. माणसं भेटायची ती दिवस उगवायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर.

पण अडचण वेळेची नव्हती. मत गुप्त असतं, सूचकाची सही मात्र उघडी. आलेल्या अर्जांची सूचना कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीत उमेदवारासोबत सूचकाचंही नाव असतं. ज्याचा पोरगा कुण्या पुढाऱ्याच्या संस्थेत चिकटायचा आहे, ज्याचं सोसायटीचं कर्ज थकलं आहे, तो चहा पाजतो, आत जाऊन येतो आणि म्हणतो, ‘‘भाऊ, मत तुलेच देतो, पण सहीचं नको म्हणू.’’ मला त्या माणसांचा राग आला नाही. गावात राहायचं असतं. म्हणूनच ज्यांनी सही केली त्यांचं मोल मला फार वाटतं.

त्यांतल्या एक आजी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. ‘‘मले सही येत नाही बापा, अंगठा चालते का?’’ चालतो, पण नियमाप्रमाणे तो अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो. म्हणजे आजींना आर्वीला नेणं आलं. त्या धनत्रयोदशीला लुगडं बदलून सकाळीच एसटीच्या फाट्यावर येऊन उभ्या.

शपथपत्राला, म्हणजे नमुना 26 ला, आम्ही रात्री जागवल्या होत्या. उमेदवार, त्याची बायको, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, प्रत्येकाचं सोनं, बँकेतली शिल्लक, जमिनीचा गट क्रमांक, वडिलोपार्जित की विकत घेतलेली, कर्ज, गुन्हे, शिक्षण. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोऱ्या रकान्यांचं शपथपत्र नाकारता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘निरंक’ लिहून लिहून हात दुखला. उमेदवाराची बायको शेजारी बसून ऐकत होती. मंगळसूत्राच्या वजनाशी आलो तेव्हा तिने ते गळ्यातून काढून माझ्यासमोर ठेवलं, म्हणाली, ‘‘सोनाराकडून मोजूनच लिहा, खोटं नको.’’

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात उमेदवारासह पाचच जण जाऊ शकतात. त्या पाचांत आजी. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000. नोटा मोजून पावती झाली. कारकुनाने दहाही सूचकांचे यादी भाग आणि अनुक्रमांक मतदार यादीशी बोट ठेवून ताडून पाहिले. मग आजींपुढे शाईचा पॅड सरकवला. त्यांनी आधी विचारलं, ‘‘नाव कोणाचं लिवलं, वाचून दाखवा.’’ वाचून दाखवल्यावरच अंगठा उमटला. शेवटी उमेदवाराने उभं राहून शपथ घेतली.

याच मतदारसंघात त्या वर्षी विद्यमान आमदार दादाराव केचे यांना भाजपने तिकीट दिलं नाही, तेव्हा त्यांनी अपक्ष अर्ज भरला होता आणि नंतर मागे घेतला. अपक्ष म्हटलं की आमदारालाही दहाच सूचक, आमच्या माणसालाही दहाच. कायद्याचा हा सरळपणा मला मनापासून आवडतो.

30 ला छाननीत अर्ज टिकला. 4 नोव्हेंबरला माघारीची मुदत संपेपर्यंतची दिवाळी मात्र कठीण गेली. ‘‘कशाला मतं खातं?’’ असं विचारणारे फराळाच्या निमित्ताने घरी येत राहिले. मतं काय कुणाच्या घरची असतात? हा माणूस आपल्या गावच्या कापसाचं बोलायला उभा होता.

मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. आमचं नाव खालीच. खर्चाची मर्यादा 40 लाख. आमच्या वहीत डिझेल, पत्रकं, भोंग्याचं भाडं आणि चहा. चहाचासुद्धा दर जिल्ह्याने ठरवलेला, त्याच दराने लिहायचा.

23 नोव्हेंबरच्या मतमोजणीत प्रतिस्पर्धी मयुरा काळे यांना हरवून भाजपचे उमेदवार सुमित वानखेडे निवडून आले. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं न मिळाल्याने आमची अनामत गेली. हिशेब मात्र हरलेल्यालाही तीस दिवसांत द्यावाच लागतो. सबळ कारणाशिवाय चुकवला तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. उमेदवार वही घेऊन आला. आम्ही पावत्यांना क्रमांक घातले, बेरीज दोनदा केली आणि मुदतीच्या आत कागद जमा केले.