परदेशात सायकल आणि तंबू घेऊन फिरायचंय? पहिल्या सफरीआधी या गोष्टी माहीत हव्यातच!

रस्त्याकडेला तंबू, शेजारी सामानाने लादलेली सायकल, शेगडीवर उकळणारा चहा आणि मागे बर्फाचे डोंगर. असे व्हिडिओ बघून कुणालाही वाटेल, आपणही निघावं. पण मंडळी, गडबड इथेच होते. पहिल्याच खेपेला थेट आल्प्सचे घाट निवडले जातात, रोज १०० किलोमीटरचा हिशेब मांडला जातो आणि तिसऱ्या दिवशी रेल्वेचं वेळापत्रक शोधायची वेळ येते. पाय सहसा दगा देत नाहीत. दगा देतं ते सामानाचं ओझं आणि घाईचं वेळापत्रक.

मग पहिली सफर कुठे करावी? युरोपात याचं सोपं उत्तर आहे: डॅन्यूब नदीचा काठ. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंतचा हा सायकलमार्ग साधारण ३२० किलोमीटरचा आहे आणि तो 'युरोवेलो ६' या लांबलचक मार्गाचा एक तुकडा आहे. रस्ता नदीच्या प्रवाहाबरोबर जातो, त्यामुळे घाट जवळजवळ नाहीत. वाराही बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून असतो. वाटेत ठिकठिकाणी कॅम्पसाइट आहेत. रोज ४०-४५ किलोमीटर धरले तरी आठवड्याभरात आरामात पोहोचता येतं. अंगात जोर असला तरी पहिल्या वेळी यापेक्षा जास्त अंतर ठरवू नये. तंबू ठोकणं, स्वयंपाक, कपडे धुणं यात रोजचे तीन-चार तास सहज जातात.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतं. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त दिवस राहणार. विमान म्युनिकला उतरत असलं तरी बहुतेक रात्री ऑस्ट्रियात असतील, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे! खरी अडचण वेगळीच आहे. तंबूवाल्याला आगाऊ बुकिंगची गरज फारशी पडत नाही, पण व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा मागतात. त्यासाठी कॅम्पसाइटना आधीच ईमेल करून तारखा पक्क्या करून घ्याव्यात आणि अर्जाला दिवसवार वेळापत्रक जोडावं. वाटेल तिथे तंबू ठोकू, या भरवशावर मात्र राहू नये. ऑस्ट्रियात याचे नियम राज्यागणिक बदलतात आणि जंगलात मालकाच्या परवानगीशिवाय मुक्काम करायला देशभर बंदी आहे.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? पहिल्या वेळी भाड्याने घेतलेली बरी. पासाऊला घेऊन व्हिएन्नात परत करायची सोय मिळते. शिवाय सायकल खोक्यात भरणं, विमान कंपनीचे जादा पैसे, उतरल्यावर पुन्हा जोडणं, हे सगळं वाचतं.

पण भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक तपासा! आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो सहसा डाव्या हाताला असतो. उतारावर, मागे पंधरा किलो सामान असताना सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला तर माणूस थेट हँडलवरून पुढे जाऊ शकतो. दुकानदाराला सांगितलं तर तो कधीकधी अदलाबदल करून देतो. नाहीतर रिकाम्या मैदानात अर्धा तास सराव करावा. त्यातच वाहतूक उजवीकडून. गर्दीच्या रस्त्यावर हे लक्षात राहतं, चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना.

सामानात तंबू दुहेरी कापडाचा हवा, कारण तिथे ऐन उन्हाळ्यातही पाऊस पडतो. मे महिन्यात रात्री चांगलाच गारठा असतो, त्यामुळे स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचं 'कम्फर्ट' तापमान बघा, 'लिमिट' नव्हे. गॅसचा डबा विमानात चालत नाही, चेक-इन सामानातही नाही. शेगडी स्वच्छ करून न्यावी आणि डबा तिथे खेळ-साहित्याच्या दुकानात घ्यावा. आट्याचा डबा आणि दाबून बसवायचा डबा असे दोन प्रकार असतात, आपल्या शेगडीला कोणता लागतो ते आधीच बघून ठेवा. पॉवर बँक मात्र केबिन बॅगेतच.

खाण्याचं काय? मेतकूट, भाजणी, उपम्याचं कोरडं मिश्रण नेता येतं. तूप, पेढे, खवा नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. आणखी एक, ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी ६ वाजता किराणा दुकानं बंद होतात, ती थेट सोमवारी उघडतात. रविवारची भाजी-भाकरी शनिवारी दुपारीच भरून ठेवायची! पाण्याची चिंता नको, नळाचं पाणी बिनधास्त प्या.

मार्गावर श्लोगेन इथे नदी जवळजवळ उलटी वळते आणि उत्तर काठाचा सायकलरस्ता तुटतो. तिथे छोटी फेरीबोट सायकलीसकट पलीकडे नेते. दाभोळ-धोपावे फेरीत बसलेल्यांना हे नवं वाटणार नाही. फक्त शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पुढे मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा भाग द्राक्षमळ्यांचा आणि जर्दाळूच्या बागांचा आहे. २००० साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. इथे घाई करणं म्हणजे शुद्ध नुकसान, एक दिवस जास्तच ठेवा.

पाऊस लागला, गुडघा दुखला, तर लाज न बाळगता रेल्वे पकडावी. पासाऊ-लिंत्स-व्हिएन्ना लोहमार्ग या वाटेच्या फार लांब जात नाही. सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि वेगवान गाड्यांत तिची जागा आधी राखून ठेवावी लागते.

जायच्या महिनाभर आधी एक रंगीत तालीम मात्र हवीच. सगळं सामान लादून कोकणच्या सागरी मार्गावर दोन दिवस काढा, एक रात्र तंबूत झोपा आणि स्वतःचं जेवण स्वतः शिजवा. परत आल्यावर बॅग उघडून जे एकदाही वापरलं नाही ते बाजूला काढा. पंक्चरचं साहित्य, पावसाळी कपडे आणि औषधं मात्र वापरली नसली तरी ठेवायचीच.