व्हॉल्व्हवरचे यंत्र थकले, तर तोटा कोणाचा?

कापडाच्या धंद्यात भाव आणि उधारी यांचीच चर्चा अधिक होते. ग्रे कापड प्रोसेस हाऊसला दिले की व्यापारी मोकळा होतो. रंग बिघडला तर डाइंग मास्टरला बोल लावायचा, नाही तर रंग विकणाऱ्याला. परंतु पुष्कळदा कसूर मास्टरचाही नसतो आणि रंगाचाही नसतो. तो असतो स्टीमच्या पाइपवर बसलेल्या एका जुनाट डब्याचा, ज्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी मान वर करून पाहिलेले नसते.

काही वर्षांपूर्वी माझाच एक पॉलिस्टरचा लॉट असा बिघडला. तीन बॅचमध्ये तीन छटा आल्या आणि एका बॅचवर तर ढगासारखे डाग. मास्टर शपथेवर सांगत होता की वजन-माप बरोबर आहे. त्याचे म्हणणे खरे निघाले. एका वयस्क फिटरने जेट मशीनच्या स्टीम व्हॉल्व्हजवळ कान नेला आणि म्हणाला, "शेठ, इथे हवा गळते आहे, ऐका." वरच्या डब्यातील रबराचा पडदा चिरला होता आणि व्हॉल्व्हचा दांडा गंजून अडकत होता. अडकलेला दांडा हवेचा दाब वाढला की एकदम झटक्याने सुटत असे आणि तापमान धडधड चढत असे. पॉलिस्टरचा रंग ९० ते १२० अंशांच्या दरम्यान धाग्यावर जोराने चढतो. तिथे मिनिटाला एक-दोन अंश, अशा बेताने चढले पाहिजे. तिथेच झटका बसला तर मास्टर कितीही हुशार असो, रंग सारखा बसत नाही. शेवटी त्या मालावर काळा रंग मारून तो पडत्या भावाने काढावा लागला. कापड माझे, मजुरी कारखान्याची, आणि नुकसान दोघांचे. रबराचा पडदा त्या मानाने अगदी क्षुल्लक किमतीचा होता.

हे यंत्र म्हणजे काय?

व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा असेल तर त्यावर चाक किंवा दांडी असते. मशीनच्या हुकमाने तो आपोआप उघडावा-मिटावा म्हणून त्याच्या डोक्यावर जे यंत्र बसवतात त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. व्हॉल्व्ह ही तोटी आणि ॲक्च्युएटर हा तोटी फिरवणारा हात, असे समजावे.

आपल्याकडच्या प्रोसेस हाऊसमध्ये हा हात बहुधा हवेवर चालतो. एका प्रकारात गोल डब्यात रबराचा पडदा आणि स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरची हवा पडदा ढकलते आणि हवा काढली की स्प्रिंग त्याला परत आणते. स्टीम कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हवर हाच प्रकार दिसतो. दुसऱ्या प्रकारात पिस्टन आणि दातेरी पट्टी असते. ती बॉल व्हॉल्व्ह किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवते. मोठ्या पाइपवर, रसायनांच्या कारखान्यात आणि वीजकेंद्रात विजेच्या मोटरवर चालणारेही असतात.

म्हातारपणाची लक्षणे

लोखंड लवकर मरत नाही, आधी रबर मरते. साधे नायट्राइल रबर सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते. त्याला स्टीम पाइपच्या झळीत ठेवले तर ते कडक होते आणि चिरते. त्यात कॉम्प्रेसरची हवा ओली आणि तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये चिकटा साचतो, स्प्रिंग गंजते. म्हणून ॲक्च्युएटर बदलण्याआधी हवा साफ करणारा फिल्टर पाहावा. हवा घाण ठेवून नवे यंत्र बसवणे म्हणजे भोके पडलेल्या टाकीला नवा नळ लावणे होय.

बाकीची लक्षणे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. मशीन बंद असताना कॉम्प्रेसर वरचेवर सुरू होतो. साबणाचे पाणी लावले तर सांध्यावर बुडबुडे येतात. पूर्वी चार सेकंदांत मिटणारा व्हॉल्व्ह आता दहा सेकंद घेतो. व्हॉल्व्ह मिटला असूनही पुढचा पाइप गरमच राहतो. आणि सर्वांत बोलके लक्षण म्हणजे व्हॉल्व्हच्या अंगावर हातोडीच्या खुणा. जिथे हातोडी मारल्याशिवाय काम होत नाही, तिथे ते यंत्र केव्हाच निवृत्त झालेले असते. फक्त मालकाला कळवायचे राहून गेलेले असते.

आधी यादी, मग खरेदी

बहुतेक ठिकाणी ॲक्च्युएटर मेल्यावर बदलतात. रात्रपाळीत यंत्र बंद पडते, सकाळी माणूस बाजारात धावतो, मिळेल ते घेऊन येतो. जुन्या कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असते, मग जोडपट्टी तोडून-जोडून काहीतरी बसवतात. याने काम चालते, पण दहा व्हॉल्व्हवर दहा जातींची यंत्रे होतात आणि एकाचाही सुटा भाग दुसऱ्याला चालत नाही.

शहाणा मालक वही घेऊन कारखान्यात फिरतो. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर देतो आणि त्यापुढे लिहितो : कोणत्या पाइपवर आहे, आत काय वाहते, दाब आणि तापमान किती, यंत्र कोणते, किती वर्षांचे, सुटे भाग मिळतात की नाही. मग यादीचे तीन भाग करावेत.

पहिला भाग जिवाचा. यात मुख्य स्टीम तोडणारा व्हॉल्व्ह, कॉस्टिकच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह आणि जेट मशीनचा निचरा व्हॉल्व्ह येतो. आत १३० अंशांचे पाणी दाबाखाली असताना निचरा उघडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि समोरचा कामगार भाजतो. दुसरा भाग मालाचा, म्हणजे तापमान सांभाळणारे व्हॉल्व्ह. तिसरा भाग सोयीचा : साधे पाणी, टाकी भरणे वगैरे. पैसा याच क्रमाने खर्च करावा. सर्व एकदम बदलण्याची ऐपत थोड्यांचीच असते, पण पहिला भाग पुढच्या वर्षावर ढकलू नये.

माप घेताना होणाऱ्या चुका

पहिली चूक हवेच्या दाबाची. कॅटलॉगमध्ये यंत्राचा जोर बहुधा ६ बार दाबाचा वाचला जातो. कॉम्प्रेसरवरचा काटाही सहा दाखवतो. पण लांबच्या मशीनपर्यंत, सर्व खाती चालू असताना, दाब चारवर आलेला असतो. समजा ६ बारवर यंत्राचा जोर १०० न्यूटन-मीटर आहे. ४ बारवर तो सुमारे ६७ च उरतो. व्हॉल्व्ह सुटायला ६० लागत असतील आणि आपण एकतृतीयांश राखीव धरून ८० मागत असू, तर हे यंत्र पुरणार नाही. म्हणून दाब व्हॉल्व्हपाशी आणि गर्दीच्या वेळी मोजावा.

दुसरी चूक जुन्या व्हॉल्व्हची. कॅटलॉगमधील आकडा नव्या व्हॉल्व्हचा असतो. क्षार बसलेला जुना व्हॉल्व्ह त्याहून अधिक जोर मागतो. पुष्कळदा खरा आजारी व्हॉल्व्हच असतो. आजारी व्हॉल्व्हवर दांडगे यंत्र बसवले तर दांडा पिळून तुटतो.

तिसरी चूक सर्वांत घातक. हवा गेली तर व्हॉल्व्ह उघडा राहणार की मिटणार? स्टीमचा व्हॉल्व्ह मिटला पाहिजे. जिथे थंड पाणी थांबल्याने धोका होतो तिथे तो उघडला पाहिजे. दोन्ही यंत्रे बाहेरून सारखीच दिसतात, बोल्टही तेच बसतात. दुकानदाराला फक्त साइज सांगितली तर तो चुकीचे देऊ शकतो, आणि ती चूक कॉम्प्रेसर बंद पडेल त्या रात्रीच उघडकीस येते. शिवाय स्प्रिंगचा जोर सुरुवातीला अधिक आणि शेवटी कमी असतो. व्हॉल्व्ह पक्का मिटवायला शेवटचाच जोर लागतो. तो आकडा वेगळा विचारावा.

चांगली गोष्ट अशी की पाव फेऱ्याच्या व्हॉल्व्हसाठी आयएसओ ५२११ हे आंतरराष्ट्रीय माप आहे. त्यात एफ ०५ म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर, एफ ०७ म्हणजे ७० आणि एफ १० म्हणजे १०२. नवी खरेदी करताना या मापाचाच आग्रह धरला तर एका कंपनीचे यंत्र दुसऱ्याच्या व्हॉल्व्हवर बसते आणि दुकानदाराची मक्तेदारी राहत नाही. गोल डब्याच्या स्टीम कंट्रोल व्हॉल्व्हला मात्र ही सोय नाही. तिथे मूळ कंपनीचाच डबा शोधावा, नाही तर व्हॉल्व्हसह पूर्ण जोड बदलावी.

दिवा काय सांगतो?

पॅनेलवर हिरवा दिवा लागला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला, असे आपण धरून चालतो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात हीच समजूत महाग पडली. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडून अडकला होता. पॅनेलवरील दिव्यावरून मात्र तो मिटल्याचे वाटत होते, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवत नव्हता, फक्त मिटण्याचा हुकूम गेला एवढेच दाखवत होता. पाणी निघून जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

त्याच देशात ९ जून १९८५ रोजी डेव्हिस-बेसे केंद्रात दुसरा प्रकार घडला. चुकून मिटलेले मोटरवरचे व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबासमोर पुन्हा उघडेनात, कारण त्यांच्या स्विचची जुळणी चुकीची होती. माणसांनी धावत जाऊन ते हाताने उघडले. अशा अनुभवांनंतर १९८९ मध्ये तेथील नियामक आयोगाने सर्व अणुवीजकेंद्रांना आपापले महत्त्वाचे व्हॉल्व्ह प्रत्यक्ष कामाच्या दाबाखाली चालतात की नाही हे तपासण्यास सांगितले.

आपला कारखाना अणुवीजकेंद्र नाही, पण धडा तोच आहे. रिकाम्या पाइपवर टक-टक चालणारे यंत्र स्टीमच्या दाबासमोर हरू शकते. नवे यंत्र बसवल्यावर दाबाखाली उघडझाप करून, हातात घड्याळ धरून वेळ लिहून ठेवावी. मग मुद्दाम हवा तोडून पाहावी. दिवाही व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसवलेल्या स्विचवरूनच घ्यावा.

बदलताना जिवाची काळजी

मोजमाप आणि खरेदी आधी उरकून बदलण्याचे काम ईद-दिवाळीच्या सुट्टीत ठेवावे, म्हणजे घाई होत नाही. तरी काही गोष्टी आपल्या कारागीर भावांनी मनात पक्क्या कराव्यात.

हवा आणि वीज तोडून, अलीकडचा हाती व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप लावावे. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी. पाइप थंड होऊ द्यावा आणि आतील दाब व पाणी काढून टाकावे. वाहत्या लाइनवरील बटरफ्लाय व्हॉल्व्हचे यंत्र काढले की त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. तो आपोआप फिरू शकतो. स्प्रिंग असलेला डबा तर दाबून ठेवलेला फटाका आहे. बऱ्याच डब्यांत काही बोल्ट मुद्दाम लांब दिलेले असतात. आखूड बोल्ट आधी काढून लांब बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करायचे, म्हणजे स्प्रिंग हळूहळू मोकळी होते. ज्याला हे माहीत नाही त्याने डबा उघडू नये.

ट्यूबचे रबर कापून पडदा बनवण्याची हुशारीही सोडावी. मूळ पडद्यात कापडाचा थर असतो, तो दाब सहन करतो. नुसते रबर फुगते आणि ऐन वेळी फाटते. भंगारातून आणलेले यंत्रही उघडून, रबर बदलून आणि जोर तपासूनच बसवावे.

कारागिरांना वाव

याच कामात आपल्या तरुण फिटरांना चांगला धंदा आहे. पाव फेऱ्याच्या यंत्रांच्या रबराचे किट मिळते. एक साफ टेबल, हवेचा रेग्युलेटर, दाबाचा काटा, जोर मोजणारा पाना आणि कॅटलॉग वाचण्याची सवय एवढ्यावर दुरुस्तीचे छोटे दुकान उभे राहू शकते. मात्र प्रत्येक यंत्राबरोबर तपासणीचा कागद द्यावा : तारीख, हवेचा दाब, मोजलेला जोर, लागलेला वेळ. तोंडी "चालेल शेठ" म्हणणाऱ्याला मजुरी मिळते, लिहून देणाऱ्याला वर्षाचे कंत्राट मिळते.

व्यापारी भावांसाठी एवढेच की माल देण्यापूर्वी दरासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत. स्टीमचे व्हॉल्व्ह शेवटचे केव्हा तपासले? आणि त्याची वही दाखवता का? वही पुढे आली तर मीटरमागे थोडा दर जास्त द्यायला हरकत नाही. नुसते हसून चहा पुढे आला, तर चहा प्यावा आणि माल दुसरीकडे न्यावा.