पाणी उतरलं की मासा एकवटतो: खानदेशी धरणांचे उन्हाळे

मार्च उलटला की खानदेशातल्या पेपरांत धरणसाठ्याची चौकट ठाण मांडून बसते. गिरणा इतके टक्के, हतनूर इतके, वाघूर, अक्कलपाडा, मन्याड, अनेर. शेतकरी ती आवर्तन मिळणार का हे बघायला वाचतो, शहरातला माणूस नळ किती दिवसांआड येणार ते ताडायला. भोई आणि कोळी वस्त्यांतही ती वाचली जाते, पण तिथं आकड्याचा अर्थ उलटा लागतो. साठा घटला म्हणजे मासा एकवटला. नोव्हेंबरात तुडुंब भरलेल्या जलाशयात रात्रभर जाळं लावूनही हाताला जे लागत नाही, ते मे महिन्यात चार तासांत लागतं. गेल्या पन्नासएक वर्षांत इथल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीनं जे कमावलं आणि जे गमावलं, ते बरंचसं या उलट्या हिशेबात सापडतं.

धरणं नव्हती तेव्हाही उन्हाळा हाच मासेमारीचा हंगाम होता. जागा मात्र वेगळी होती. तापी उन्हाळ्यात बारीक व्हायची आणि मधेमधे खोल डोह उरायचे. गिरणा आणि पांझरा तर बऱ्याच ठिकाणी वाळूच्याच नद्या होऊन जायच्या. वाळूत डांगरवाड्या लागत, टरबूज-खरबूज पिकत, आणि तीच कुटुंबं सकाळ-संध्याकाळ डोहात जाळं टाकत. डोहात महाशीर होता, तांबर होता, मिशाळ शिवडा आणि शिंगाळा होता, दगडांच्या सांदीत वाम होती. समुद्रात जन्मून नदीनं वर येणारा अहिरही होता. काही डोह देवाचे मानले जात आणि तिथं कोणी जाळं टाकत नसे. त्याला कोणी संवर्धन म्हणत नसे, पण पावसाळ्यात नदी पुन्हा भरली की अंडी घालायला मोठा मासा याच डोहांतून वर चढायचा.

मग भिंती आल्या. खाली गुजरातेत १९५४ मध्ये काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई. समुद्रातून तापीनं वर यायची वाट तिथंच बंद झाली. इकडे नांदगाव तालुक्यात १९६९ मध्ये गिरणा धरण पुरं झालं. जागा नाशिक जिल्ह्यातली, पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याचं. १९८२ मध्ये भुसावळजवळ तापीवर हतनूर उभं राहिलं आणि चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पाणी तुंबलं. पुढं जळगावला पाणी देणारं वाघूर, साक्री तालुक्यात पांझरेवर अक्कलपाडा, तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज. जी नदी उन्हाळ्यात डोहा-डोहांत तुटायची, ती आता मैलोगणती साचलेलं पाणी झाली.

साचलेलं पाणी वाहत्या पाण्याच्या माशाला मानवत नाही. महाशीर हटला, तांबर कमी झाला. त्यांच्या जागी आला कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आज जळगावच्या बाजारात गावरान मासा म्हणून जो कटला घेतला जातो, तो या अर्थानं परप्रांतीय. तो इथवर पोचला त्यामागे एक शोध आहे. साचलेल्या पाण्यात कटला-रोहू अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं चढतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हीरालाल चौधरी यांनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली. त्याआधी बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून आणावं लागे. त्यानंतर ते बीज केंद्रात तयार होऊ लागलं: आधी जिरे, मग मत्स्यबीज, मग बोटभर लांबीची बोटुकली. धरणाधरणांत बोटुकली सोडायची, मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेनं ठेका घ्यायचा आणि सभासदांनी मासे धरायचे, ही घडी त्यातून बसली.

न सोडता पसरला तो चिलापी. आफ्रिकेतला हा तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो साचलेल्या पाण्यातही वितो, वर्षात अनेकदा वितो, आणि पिल्लं तोंडात धरून वाढवतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या उघड्या चिखलात त्याच्या घरट्यांचे ताटाएवढे गोल खड्डे दिसतात. कटला मोठा झाला नाही, रोहूचं बीज पुरात वाहून गेलं, तरी ज्यावर चूल पेटते तो हाच. त्याला कितीही नावं ठेवली तरी खानदेशातल्या छोट्या धरणांवरच्या कैक घरांचा मे-जून त्यानंच तारला आहे.

उन्हाळ्यातलं धरण वरून शांत दिसतं, आत बरंच काही चाललेलं असतं. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. जलाशयाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तरंगत राहतं. खालचं थंड पाणी त्यात मिसळत नाही. वर ऊन सोसवत नाही, अगदी तळाशी प्राणवायू नाही, म्हणून दिवसा मासा मधल्या थरात दबून बसतो आणि अंधार पडला की खायला उथळाकडं सरकतो. शिवाय पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशाच्या अंगाला मात्र उष्म्यात तो जास्त लागतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो खातं. म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. वारा पडलेल्या, ढगाळ रात्रीनंतर मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसले, की जाणता माणूस त्या दिवशी जाळं विसरून संस्थेच्या सचिवाला गाठतो.

जाळ्याचं वेळापत्रकही यावरच बेतलेलं. उन्हं कलली की थर्माकोलच्या तराफ्यावर, नाहीतर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून माणूस आत जातो. हातात फळीचं वल्हं, मांडीवर तंगूसाचं जाळं. तंगूसाचा धागा पाण्यात दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी निवळ असलं की हाच धागा चालतो. वरच्या दोरीला तरंगायला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला दगड. जाळं बुडालेल्या नाल्याच्या तोंडावर आडवं लावतात, कारण पाणी उतरलं तरी मासा जुन्या नाल्याचीच वाट धरतो. धरण भरण्याआधीचं गाव, शिवार आणि नाले ज्याच्या आजाला माहीत होते, त्याला जागा शोधावी लागत नाही. दिवस फुटायच्या आत जाळं उचलायचं. मासा कल्ल्यामागे आवळलेला असतो, तो पुढूनच ओढून काढावा लागतो. मागं खेचला तर जाळ्याची आसही तुटते आणि खवलंही निघतात. चिलापी काढणं सगळ्यांत त्रासाचं, त्याच्या पाठीचे काटे धाग्यात अडकतात आणि बोटं फाडतात. आठ वाजेपर्यंत माल बर्फावर गेला नाही तर त्या उन्हात कल्ल्याचा लाल रंग तपकिरी होतो, आणि गिऱ्हाईक आधी कल्लाच उचकून बघतं. आखाजीनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा दुपारनंतर तराफा पाण्यात घालायची सोय नसते. वारा जाळ्याचा गोळा करून टाकतो.

अलीकडची वर्षं पाहिली तर हा उलटा हिशेब स्पष्ट दिसतो. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात गिरणा तळाला गेलं. गिरणेची क्षमता सुमारे साडेएकवीस टीएमसी, त्यातलं तीन टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाजातून बाहेर न पडणारं तळाचं पाणी. असा साठा आटतो तेव्हा सगळ्या जलाशयातला मासा जुन्या नदीपात्राच्या पट्टीत गोळा होतो. तिथं जाळं लावायला कौशल्य लागत नाही. अशा मोसमात दर कोसळतो, कारण माल एकाच वेळी येतो, आणि ज्यांनी कधी तराफ्यावर पाय ठेवला नव्हता तेही गळ आणि फेकजाळी घेऊन उतरतात. मोठी मादी, जी जुलैत अंडी घालणार असते, तीही त्यातच जाते. दुष्काळी सालातली चांगली मासेमारी म्हणजे मुद्दलातून काढलेलं व्याज आहे.

त्याच २०१९ च्या पावसाळ्यात गिरणा कित्येक वर्षांनी काठोकाठ भरलं आणि पुढची दोन-तीन वर्षं पाण्याची गेली. शेतीला सुख झालं. मासेमाराला मात्र पहिली वर्षं सुखाची नसतात: पाणी अफाट, मासा विखुरलेला, आणि जो आहे तो लहान. बोटुकलीचा विकण्याजोगा कटला व्हायला वर्षभर तरी जातं. म्हणजे आटलेल्या धरणाची भरपाई, पाऊस आला तरी, एका मोसमात होत नाही.

मग २०२३. एल निनोचं साल. त्या वर्षी शासनानं ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत जळगाव जिल्ह्यातला चाळीसगाव होता, धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा होता. गिरणा पावसाळ्याअखेर जेमतेम निम्म्याच्या पुढं होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवावं लागलं, आणि माशांच्या बाबतीत २०१९ चीच गोष्ट बऱ्याच छोट्या प्रकल्पांवर पुन्हा घडली. त्या पावसाळ्यात धरण पुन्हा भरलं. २०२५ नं तर वेगळाच चेहरा दाखवला: मेमध्येच अवकाळीनं झोडपलं आणि २६ मेला मॉन्सून मुंबईत दाखल झाला. उन्हाळ्याचा शेवटचा पंधरवडा, जो कमाईचा, तोच पावसानं खाल्ला. तापलेल्या उथळ पाण्यात एकाएकी गढूळ लोंढा येतो तेव्हा सोबत कुजलेला काडीकचरा येतो, तो प्राणवायू ओढून घेतो आणि मासा मरून तरंगतो. लोक विषप्रयोगाचा संशय घेतात. कधी तो खराही असतो, पण बहुतेकदा गुन्हेगार पहिला पाऊसच असतो.

हतनूरची कथा निराळी. त्याला ४१ दरवाजे आहेत. तापी आणि पूर्णा मिळून इतका गाळ आणतात की जलाशयाचा मोठा भाग त्यानं भरून गेला आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवून पूर जाऊ द्यावा लागतो आणि मोसमाच्या उत्तरार्धात साठा करावा लागतो. म्हणजे जुलैत सोडलेली बोटुकली ऑगस्टच्या पुरासोबत भुसावळच्या खाली जाऊ शकते. सगळे दरवाजे उघडल्याची बातमी आली की खालच्या अंगाला माणसांची गर्दी का होते, ते यातून कळेल. उन्हाळ्यात गाळाच्या उथळावर पाणी गुडघाभर उरतं, दिवसा ते नुसतं कढतं. पक्ष्यांना ते फार आवडतं, हतनूरचं नाव पक्षीमित्रांच्या तोंडी आहे ते उगाच नाही. माशाला मात्र खोली लागते, आणि ती दरवर्षी थोडी भरत चालली आहे. दीपनगरचं वीज केंद्र, रेल्वे, आयुध निर्माणी, गावंच्या गावं याच पाण्यावर आहेत, त्यामुळे माशांसाठी पाणी राखा असं म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही.

खरी गोम तिथं आहे. पाणीवाटपाच्या बैठकीत पिण्याचं पाणी मोजतात, सिंचनाचं मोजतात, उद्योगाचं मोजतात, बाष्पीभवनाची तूटही धरतात. मासा कुठल्याच रकान्यात नाही. संस्था ठेका भरते ती पाण्याच्या क्षेत्रावर, पण ते क्षेत्र मेमध्ये किती उरेल यावर तिचा शब्द चालत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. कर्जाला, वीजदराला त्याचा उपयोग होईल. पण शेतकऱ्याला आवर्तनाची तारीख आधी कळते. बरोबरीचा दर्जा खरा असेल तर मासेमाराला निदान धरण कुठवर उतरवणार हा आकडा मार्चमध्ये कळायला हवा, म्हणजे मोठा माल आधी काढता येईल आणि बाकीचा वाचवता येईल.

दुसरी गोष्ट तर शासनाच्या आदेशाचीही वाट पाहणारी नाही. गिरणा असो, वाघूर असो की साक्रीतलं एखादं लहान धरण, साठा मृतसाठ्याजवळ आला की जुन्या नदीपात्रातला सर्वांत खोल पट्टा आखून तिथं जाळं बंद करावं, पहिला पूर येऊन धरण चढेपर्यंत. वडिलांच्या पिढीनं देवाचा डोह म्हणून हेच केलं होतं. हे काम संस्थेच्या ठरावानं होऊ शकतं, आणि ठराव करायची वेळ मे नाही, फेब्रुवारीची सर्वसाधारण सभा आहे. गिरणा काठच्या आणि तापी काठच्या संस्थांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, एवढंच मागणं आहे.